पालकांची सही

प्रगतिपुस्तकावर वडिलांची हुबेहूब सही ठोकणं ही आमच्या वर्गात कला मानली जाई. भूमितीत दर चाचणीला गचकणारा आमचा एक मित्र त्यात इतका तरबेज झाला, की पुढे वडिलांनी स्वतः केलेली सहीच बँकेला खोटी वाटू लागली. तो आज अमेरिकेत असता तर त्यानं दुकानच टाकलं असतं.

तिकडे सध्या पालकांच्या सहीला सोन्याचा भाव आहे. फ्लॉरिडात 2023 पासून शाळेत मुलाला दाखल्यावरच्या नावाखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारायची, तर आईबापांनी आधी फॉर्म भरून द्यायचा. रॉबर्टचा 'रॉब' करायचा तरीही. नियमाचा रोख होता ट्रान्सजेंडर मुलांनी घेतलेल्या नावांवर. सापडला बिचारा रॉब. आपल्याकडे हे सुरू झालं तर बंड्या, पिंट्या आणि छकुल्यांच्या अर्जांखाली शाळेचा कारकून गाडला जाईल.

आयडाहोचं त्याहून कडक. पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलांवर उपचार नकोत, असा कायदा तिथं 1 जुलै 2024 ला लागू झाला. जिवावर बेतलं तर सूट आहे, पण गुडघा फुटणं काही त्यात बसत नाही. शाळांनी धास्तीनं घरोघर फॉर्म धाडले: खरचटलं तर बँडेडची पट्टी लावू का? बर्फ धरला तर चालेल ना? आमच्या बाई जखमेवर चिमूटभर हळद दाबून वर एक धपाटाही देत. दोन्हीला संमती कुणाची होती कोण जाणे.

पण खरी करामत आर्कान्सॉची. तिथं 14-15 वर्षांच्या मुलाला नोकरीवर ठेवायचं, तर राज्याचा परवाना लागे. अर्जावर वयाचा पुरावा, काम कसलं, तास किती आणि खाली पालकांची सही. मार्च 2023 मध्ये गव्हर्नर सारा हकबी सँडर्स यांनी हा परवाना कायद्यानंच मोडीत काढला. कारण काय, तर पालकांवर नाहक बोजा पडतो! बापाच्या मनगटाची एवढी काळजी आजवर कुठल्या सरकारनं केली नसेल.

हे मनगट महिन्याभरात ठणठणीत बरं झालं. एप्रिलमध्ये त्याच गव्हर्नरबाईंनी दुसऱ्या कायद्यावर सही केली: 18 च्या आतल्या मुलाला सोशल मीडियावर खातं उघडायचं असेल तर पालकांची संमती हवी. तो अमलात यायच्या आदल्या दिवशीच न्यायालयानं अडवला, आणि 2025 मध्ये रद्द केला. कंपन्यांची संघटना लढायला उभी राहिली होती ना. चौदा वर्षांच्या पोराची संघटना नसते, त्यामुळे परवाना गेला तो गेलाच.

बालमजुरीचे बाकीचे कायदे जागच्या जागी आहेत, असं सरकारतर्फे सांगण्यात येतं. आहेतच. फक्त कोणतं पोर कुठं, किती तास राबतंय हे ज्या कागदावर लिहिलेलं असायचं, तेवढा तो कागद गेला.

बरं, परवाना मोडायला मुहूर्तही काय साधला! आदल्याच महिन्यात केंद्राच्या कामगार खात्यानं एका सफाई कंपनीला 15 लाख डॉलर दंड ठोकला होता. 8 राज्यांतल्या मांस-कारखान्यांत 13 ते 17 वर्षांची 102 मुलं तिनं रात्रपाळीला जुंपली होती. घातक रसायनं वापरून हाडं कापायच्या करवती धुवायच्या, हे काम. त्या आठांत आर्कान्सॉही होतं.

मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो हिरमुसला. "म्हणजे जिथं पगार आहे, तिथं सही नको?"

म्हटलं, तू आयडाहोला जा. रात्री करवत धुताना बोट कापून घेतलेलं एखादं पोर सकाळी तिथल्या शाळेत आलंच, तर पट्टीसाठी सही लागेल.