जुनी नाणी लाखांना घेणाऱ्या साहेबांस

साहेब,

साहेब म्हणतो, कारण आमच्या भोसरीतल्या शेजाऱ्याला तुम्ही फोनवर तसंच म्हणायला लावलंत. तो चाकणला कंपनीत कंत्राटावर आहे. आठवडाभर ओटी करून घरी आलेल्या माणसाला तुम्ही सांगितलंत की त्याच्या पोराच्या गल्ल्यातलं दोन रुपयांचं नाणं पाच लाखांना जाईल. नाणं २०१० चं, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेचं.

मी ते हातात घेऊन पाहिलं. स्टीलचं नाणं, बोधचिन्ह झिजलेलं, कडेला हळदीचा डाग. अनेक वर्षं नाणी जमवतोय मी. १९८२ च्या एशियाडचं दोन रुपयांचं नाणंही माझ्या डबीत आहे. ही नाणी सरकारने बाजारात फिरण्यासाठीच पाडली, ढिगाने. राष्ट्रकुलचं १०० रुपयांचं चांदीचं नाणं निराळं. ते टांकसाळीने संग्राहकांसाठी काढलं, ते सुट्ट्या पैशांत येत नाही. हा फरक तुम्हाला पक्का ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही नाणी ओळखणाऱ्याला फोन करत नाही, शिफ्टवरून दमून आलेल्याला करता.

आधी नोंदणीचे साडेबाराशे. मग जीएसटी. मग ‘रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र’. अठरा हजार गेले, तेव्हा तुमचा फोन बंद झाला. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क वा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. तिचंच नाव वापरून लुटायला तुम्हाला लाज वाटली नाही.

त्याच्या आईने १९९९ चा ज्ञानेश्वर माउलींचा रुपया देवघरात ठेवलाय. आळंदी इथून हाकेवर. तुम्ही त्याचाही फोटो मागितलात, साहेब. म्हातारीने दिला नाही. पैसे गेल्याचं तो अजून तिला सांगू शकलेला नाही. “माझीच चूक” म्हणत मान खाली घालून बसतो. चूक त्याची नाही, गुन्हा तुमचा आहे.

चाकण, मोशी, तळवड्यातल्या मंडळींनो, असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. गल्ल्यातलं ते नाणं आजही चलनात आहे. वाण्याकडे त्याचे दोन रुपये मिळतात.