घरी कोण आहे?

एसी घेताना दुकानातल्या मुलाने सगळं सांगितलं. स्टार किती, टन किती, कॉम्प्रेसरची वॉरंटी किती वर्षं. यंत्र एका खोलीत बसतं आणि त्याच्यावरून भांडणं मात्र सगळ्या घरात होतात, एवढंच सांगायचं तो विसरला.

आमच्या डोंबिवलीच्या घरात एसी हॉलमध्ये आहे. मे महिन्यात रात्रीची जेवणं उरकली की सोफा भिंतीला सरकतो, गाद्या पडतात आणि अख्खं घर त्या एका एसीच्या आश्रयाला येतं. नवऱ्याला 18 लागतं. माझे सासरे, नाना, 27 वर पंखा लावून खूश असतात. सासूबाईंना एसीच लागत नाही. "आमच्या वेळी कुठे होते एसी" हे त्या एसीसमोरच्या सोफ्यावर बसून सांगतात. मी 24 ची. आणि माझ्या बाजूने भारत सरकार आहे. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचा घरगुती एसी चालू केल्याबरोबर 24 वर यायला हवा असा नियम आहे, आणि एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. हे मी नवऱ्याला दर उन्हाळ्यात ऐकवते. तो म्हणतो, "सरकारला घाम येत नाही."

तरी आमचं भागत होतं. झोपताना 18. नवरा घोरायला लागला की मी उशीखालून रिमोट काढून गुपचूप 24 करायची. पहाटे नाना पाणी प्यायला उठले की जाता जाता बंद करायचे. यावर कधी चर्चा झाली नाही, कोणी काही कबूल केलं नाही. सकाळी नवरा आळस देत म्हणायचा, "18 वर काय झोप लागते!" नाना आणि मी आपापल्या चहात बघायचो.

अशा या सुखी संसारात चिरंजीव सुट्टीला घरी आले. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष. आल्या आल्या म्हणाला, "आई, आपला एसी स्मार्ट करू या."

"एसीच कशाला? घरात बाकीचे पुष्कळ आहेत," मी म्हटलं. पण तोवर त्याने ऑर्डर टाकली होती.

हल्लीचे बरेच एसी वाय-फाय पोटात घेऊनच येतात. आमचा जुना. त्याला ऐकू येतं, बोलता येत नाही. म्हणजे काय, ते चिरंजीवांनी सगळ्यांना बसवून दाखवलं. रिमोटचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. एरवी काही दिसत नाही, पण स्क्रीनवर एक जांभळट ठिपका थरथरला. तो अवरक्त प्रकाश, सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकणारा, आणि निरोप त्याच्यातच भरलेला. आपण नुसतं 'एक अंश वाढव' दाबलं तरी एसीचा रिमोट बहुधा दर वेळी अख्खी कुंडली पाठवतो : चालू, कूल, 24, पंखा मध्यम, झडपा वरखाली. एसी 'टीं' करतो आणि संपलं. उलट निरोप येत नाही. रिमोटच्या काचेवर जो आकडा दिसतो तो रिमोटचा स्वतःचा समज. सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं आहे हे. नोटीस लागली एवढं नक्की. कोणी वाचली की नाही, ते सेक्रेटरीलाही ठाऊक नसतं.

तर हाच प्रकाश फोनवरून हुकूम घेऊन फेकणारी, तळहातात मावणारी एक काळी डबी आली. तिला 2.4 गिगाहर्ट्झचंच वाय-फाय लागतं, 5 चं चालत नाही, हे कळेपर्यंत राउटरची उलथापालथ झाली. मग घराचा सगळा कारभार बघायला क्रेडिट कार्डाएवढा संगणक आला. त्याच्यावर 'होम असिस्टंट'. ही प्रणाली पाउलस स्काउटसेन यांनी 2013 मध्ये सुरू केली. फुकट आहे, आणि घरातल्या घरात चालते, इंटरनेट गेलं तरी तिचं फारसं अडत नाही. मोकळा प्लग फक्त देवघराशेजारी होता, म्हणून संगणक तिथे बसला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, आणि समोरच्या शोकेसवरच्या काळ्या डबीवर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घातला, आतून जाड अस्तर लावून. संध्याकाळभर फोन सांगत होता, 'एसी चालू, 24 अंश'. आम्ही घामाघूम. चिरंजीव लॅपटॉपवर लॉग वाचत होता. शेवटी नानांनी काठीने रुमाल उचलला आणि एसी 'टीं' म्हणाला.

इथवर सगळं यंत्राचं होतं. खरी पंचाईत नियम लिहायला बसल्यावर झाली. ऑटोमेशन म्हणजे 'असं असेल तर तसं कर'. घर चालतं ते न बोललेल्या गोष्टींवर, आणि हे यंत्र म्हणतं, काय असेल ते स्वच्छ शब्दांत सांगा. पहिलाच नियम चिरंजीवाने वाचून दाखवला : घरी कोणी नसेल तर एसी बंद.

यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे? सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मी बँकेत, नवरा ऑफिसात, चिरंजीव मित्राकडे, सासूबाई भजनी मंडळात. नाना हॉलमध्ये पेपर वाचत होते. एसी बंद झाला. नानांनी रिमोटने लावला. पुन्हा बंद. नानांनी मला फोन केला, बटणांच्या फोनवरून. आणि तिथेच सगळी मेख होती. घरात कोण आहे हे ती प्रणाली आमच्या स्मार्टफोनवरून ओळखत होती. नानांकडे तो नाही. त्यामुळे आम्ही बाहेर पडलो की तिच्या हिशेबी घर रिकामं.

"म्हणजे मी घरी असलो तरी नाही," नाना रात्री म्हणाले. ते टपाल खात्यात होते. नियम नीट समजून घेतल्याशिवाय रागावत नाहीत.

"तसं नाही आजोबा, सिस्टीमला तुम्ही दिसत नाही."

"तेच म्हणतोय मी."

त्यावर उपाय म्हणून हालचाल टिपणारा सेन्सर आला. तो भिंतीवर कोपऱ्यात बसतो आणि अंगाची ऊब इकडची तिकडे सरकली की टिपतो. न हलणारा माणूस आणि भिंत त्याला सारखेच. सासूबाई आल्या की तो खूश, कारण त्या एका जागी बसत नाहीत. नाना दुपारी डोळे मिटून जपाला बसतात. जप जितका चांगला लागेल तितक्या लवकर एसी बंद व्हायचा. मग नाना माळ न थांबवता डावा हात वर करून हलवायचे. "नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो, तो वर्षातून एकदा," ते म्हणाले. "तुमच्या एसीला दर दहा मिनिटांनी लागतो." रात्री तर अख्खं घर निपचित. दोन वाजता एसी बंद झाला की अंधारात कोणाचा तरी हात वर जायचा, मग दुसऱ्याचा. भिंतीवरच्या त्या डोळ्याला आम्ही झोपेत टाटा करत होतो.

तो काढून रडारचा सेन्सर लावला. याच्या मिलिमीटर लहरी श्वासाने छाती वरखाली होते तेवढंही ओळखतात. नानांचा जप निर्वेध झाला. पण आपल्याकडे खोलीत एसी असला तरी छताला पंखा असतोच, आणि तो हलत असतो. रडारने पंख्याला माणूस ठरवलं. एका शनिवारी आम्ही सगळे बदलापूरला लग्नाला गेलो, पंखा बंद करायचा राहिला. दिवसभर एसी चालू होता, पंख्याला उकडू नये म्हणून.

"नानांना ओळखत नाही आणि पंख्याला ओळखतो?" सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता.

चिरंजीवाने धीर दिला. म्हणाला, 2022 मध्ये 'मॅटर' नावाचं मानक आलं आहे, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून; 2023 मध्ये त्यात घरगुती एसीही आला. नाना म्हणाले, "कंपन्यांचं आपसात जमायला लागलं असेल तर आपलंही जमेल."

बोलण्यावरून आठवलं. आवाजावर चालणारा एक स्पीकरही आला होता, हिंदी समजणारा. सासूबाई त्याच्याशी भाजीवाल्याशी बोलायच्या हिंदीत बोलल्या : "एसी थोडा कम करो." त्याने 24 चं 23 केलं. गारठा वाढला. "और कम करो." 22. मी घरी आले तेव्हा एसी 18 वर होता, त्या शाल पांघरून बसल्या होत्या आणि स्पीकरला म्हणत होत्या, "कितना बोला तुमको!" स्पीकर आता चिरंजीवाच्या खोलीत गाणी लावतो.

मग एकदा वीज गेली आणि आली. एसी चालू झाला, फोन म्हणे बंद आहे. नवऱ्याने फोनवरून लावला, मी रिमोटने बंद केला, नानांनी स्विच खाली-वर केला. एसी ढिम्म. कॉम्प्रेसर बंद झाला की आतल्या गॅसचा दाब समपातळीला यायला साधारण तीन मिनिटं लागतात, तोवर तो पुन्हा सुरू होत नाही. "घरात एकटा तोच बोलण्याआधी थांबतो," नाना कौतुकाने म्हणाले.

या गोंधळावर चिरंजीवाने वीज मोजणारा 16 अँपिअरचा स्मार्ट प्लग बसवला. एसीला तोंड नाही, पण वॉट खोटं बोलत नाहीत. हजाराच्या वर गेले म्हणजे कॉम्प्रेसर जोरात. तेव्हापासून फोनवर दिवसभराचा आलेख दिसायला लागला आणि घरातली शांतता गेली.

कारण आलेखात दोन डोंगर होते. एक रात्रीचा, तो नवऱ्याचा. दुसरा दुपारी 2 ते 4, आणि तो पहिल्यापेक्षा उंच. ज्यांना एसी लागत नाही त्या त्या वेळी घरी असतात. "मी कुठे लावते?" सासूबाई म्हणाल्या. "भजनाच्या बायका येतात, त्यांना उकडतं." घरगुती विजेचे दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, आमच्या तिसऱ्या टप्प्यात टाळ-मृदंगाचा वाटा किती, हे त्या दिवशी कळलं.

मी हसू आवरत होते, तोवर नवऱ्याने आलेख मोठा केला. "रात्री साडेअकराला वॉट एकदम कसे पडतात? आणि पहाटे पाचला शून्य?"

नानांनी चहात बघितलं. मीही बघितलं.

"बाबा, इन्व्हर्टर एसी आहे," चिरंजीव शांतपणे म्हणाला. "खोली गार झाली की कॉम्प्रेसर आपोआप हळू होतो."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच रात्री पोराने नवा नियम लिहिला : साडेअकराला 24, पहाटे पाचला बंद. नाव ठेवलं 'गाढ झोप'. आता मला उशीखाली हात घालावा लागत नाही, नानांना अंधारात चाचपडावं लागत नाही, आणि नवरा अजून म्हणतो, "18 वर काय झोप लागते!" हजारो रुपये घालून आम्ही जिथे होतो तिथेच, पण कायदेशीरपणे, येऊन पोचलो.

नानांचा प्रश्नही मिटला. होम असिस्टंटमध्ये 'नाना घरी आहेत' असा एक स्विच आहे, तो कायम चालू. रडारलाही जागा वाटून दिल्या. सोफा आणि खिडकीजवळची खुर्ची, दोन्हीकडे कोणी असेल तर पाहुणे आले असं समजायचं, एसी 22 वर न्यायचा आणि नवऱ्याच्या फोनवर निरोप पाठवायचा. कल्पना अशी की लांबून आलेल्या माणसाला गार वाटावं. हे सगळं समजावताना नाना लक्ष देऊन ऐकत होते. शंका एकच विचारली, "तो पंख्याला अजून माणूस समजतो का?"

"कधीकधी," चिरंजीव म्हणाला.

चिरंजीव होस्टेलला परतले. परवा दुपारी नवऱ्याच्या फोनवर निरोप आला : पाहुणे, 22 अंश. भजनाचा वार नव्हता. त्याने नानांना फोन लावला आणि मी शेजारीच असल्याने स्पीकरवर टाकला.

"नाना, घरी कोण आलंय?"

"कोणी नाही रे. तो पंखा असेल."

मागून कोणीतरी मोठ्याने विचारलं, "हुकूम काय आहे?"

क्षणभर काही ऐकू आलं नाही.

"जुना झालाय," नाना म्हणाले, "हल्ली आवाज करतो."