आगाऊ

उद्धट माणूस विचारल्यावर वाकडं बोलतो, उर्मट माणूस विचारलं तरी बोलत नाही, आणि आगाऊ माणसाला मुळात कुणी विचारलेलंच नसतं. मी तिसरा.

साताऱ्यात हे खपून गेलं, कारण घरचे माझ्याकडं लक्षच द्यायचे नाहीत. पण सासुरवाडी पडली सांगलीची. मेहुणीचं लग्न ठरलं, याद्या सुरू झाल्या, आणि थोरला जावई म्हणून आपण काहीतरी केलंच पाहिजे असं मला उगाचच वाटायला लागलं. मग काय, कंदी पेढ्यांचा पुडा टेकवून चहा यायच्या आत मी आचाऱ्याला भाताचं माप सांगितलं, भडंगात शेंगदाणे कमी पडलेत असं खुद्द सांगलीत बसून म्हणालो, आणि २०१८ साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळायच्या कितीतरी आधीपासून पेठेत हळदीच्याच पोत्यांवर बसलेल्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, अस्सल राजापुरी हळद ओळखायची कशी ते समजावून दिलं. मामा म्हणाले, "असं होय?"

त्या "असं होय?"चा अर्थ रात्री बायकोनं सांगितला.

कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेही फुटाफुटानं सगळ्यांना कळत होतं. माझ्या जिभेवर असा पूल नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याबरोबर मंगल कार्यालयात पैसे भरायला गेलो. भिंतीवर पाटी, 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.' मॅनेजरनं वहीतून मान वर न करता विचारलं, "आगाऊ कुठाय?"

मेहुण्यानं माझ्याकडं बोट केलं. "हे काय, आमचे दाजी."

आज्जेसासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. कुणीतरी आपली बाजू समजून घ्यावी म्हणून मी त्यांच्यापाशी टेकलो आणि सांगायला लागलो, की आगाऊ म्हणजे खरं तर अगोदरचा, वेळेआधीचा, आणि पुढे पुढे करणाऱ्याला ते नाव नंतर चिकटलं, म्हणजे तसा हा शब्द काही वाईट नाही. त्यांनी अडकित्ता थांबवला, माझ्याकडं पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं, लय आगाव हाय बग जावय!"

तर मंडळी, तुमच्याकडं कार्य असलं की कळवा. नाही कळवलंत तरी येईनच.