शेंगदाणा उडेपर्यंत

"मामा, उद्या जायचंच! हवा एकदम बिघडतेय!" भाचा आनंदाने ओरडला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आम्ही नवरा-बायको बॉस्टनला उतरल्यापासून तो रोज रात्री फोनमध्ये बघून उसासे टाकत होता. 'स्वच्छ ऊन, मंद वारा' असा अंदाज दिसला की हातचं स्थळ गेल्यासारखा चेहरा करायचा. ऑक्टोबरातल्या त्या रात्री मात्र जेवताना त्याने दोनदा भात मागून घेतला.

त्याचा छंद म्हणजे डोंगरमाथ्यावर जाऊन वारा मोजणं. कुणी तिकिटं जमवतं, कुणी पक्षी बघत हिंडतं. हा झोत जमवतो. एका वहीत तारीख, ठिकाण, दिशा आणि सर्वांत मोठा झोत (ताशी किलोमीटरमध्ये), सगळं टिपलेलं. त्यासाठी खिशात मावेल असा अॅनिमोमीटर: वर इटुकला पंखा, खाली आकडा. मी त्याला भिरभिरं म्हटलं तर दोन तास बोलला नाही. मी जन्मभर पुण्यात हवामान खात्याच्या शिमला ऑफिसवरून बसने गेलो, पण आत काय मोजतात याची कधी चौकशी केली नाही. ते पाप आता फळाला आलं होतं.

आम्ही निघालो होतो तो माउंट वॉशिंग्टन न्यू हॅम्पशायरमध्ये आहे. उंची १,९१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटर जास्त. "एवढंच?" असं मी म्हणून बसलो. मग गाडी चालवता चालवता त्याने खुलासा केला. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला ही डोंगररांग आडवी येते, वादळांच्या वाटाही याच बाजूला येऊन मिळतात. वर चढणारी हवा माथा आणि वरचा स्थिर थर यांच्यामध्ये चेंगरते. बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी कसं सुटतं, तसा मग वारा सुटतो. हे दाखवायला त्याने स्टिअरिंगवरचा अंगठा काढला. "समजलं, समजलं!" असं मागून ही किंचाळली.

वर जाणारा बारा किलोमीटरचा रस्ता १८६१ साली घोडागाड्यांसाठी खुला झाला. कठड्याची चैन त्यात फारशी केलेली नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसतं न्यू हॅम्पशायर. हिची रामरक्षा एरवी सात मिनिटांत संपते. त्या दिवशी तिची आवर्तनं झाली.

माथ्यावर पहिली दिसली ती साखळदंडांनी जमिनीला बांधलेली एक लाकडी इमारत. म्हैस बांधतात, होडी बांधतात, हे ठाऊक होतं. पळून जाईल म्हणून घर बांधून ठेवलेलं प्रथमच पाहिलं.

"मामा, गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा," भाचा म्हणाला. मी एका हाताने उघडलं. दार गेलं, दाराबरोबर हात गेला आणि हाताबरोबर मी. माकडटोपी असल्यामुळे चष्मा तेवढा जागेवर राहिला. पुण्यात या टोपीला हसणाऱ्या सर्व मंडळींना हे कळवायचं आहे.

भाच्याने शास्त्रशुद्ध पवित्रा घेतला. पंखा वाऱ्याच्या तोंडाला, हात लांब, आणि स्वतः बाजूला. मोजणाऱ्याचं अंग मध्ये आलं तर आकडा खोटा येतो. "बासष्ट!" तो ओरडला. त्याच्या आवाजात निराशा होती. मी तेव्हा एका खांबाला मिठी मारून होतो.

खांब सुटत नव्हता आणि भूक लागली होती, म्हणून मी एका हाताने हिच्या डब्यातला चिवडा तळहातावर घेतला. कढीपत्ता आधीच गेला. पाठोपाठ पातळ पोहे माझ्या कानाशेजारून कॅनडाच्या दिशेने निघाले. खोबऱ्याचे काप क्षणभर विचार करून उठले. तळहाताच्या खळग्यात डाळं आणि शेंगदाणे तेवढे उरले.

"मामा, हे तर ब्यूफोर्टचं!" भाचा आनंदला. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याची श्रेणी आखली ती यंत्राशिवायच. वारा केवढा, हे जहाजाला किती शीड झेपतं त्यावरून ठरवायचं. पुढे जमिनीवरच्या लोकांनी धूर, पानं, फांद्या घेतल्या. चिवडा कसा सुटला, देव जाणे.

मग त्याने इथल्या वेधशाळेची कथा सांगितली, म्हणजे माझ्या कानात ओरडली. १२ एप्रिल १९३४. पाग्लियुका, मॅकेन्झी, स्टीफन्सन ही मंडळी वर मुक्कामाला होती. यंत्रावर बर्फ साचू लागला, तेव्हा स्टीफन्सन दांडकं घेऊन त्या वाऱ्यात शिडीवर चढला आणि बर्फ झोडपून आला. त्या दिवशीचा झोत निघाला ताशी ३७२ किलोमीटर! "वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, मामा!" आमच्या घरात एक नळ दुरुस्त करायला तिघांना शिडी धरावी लागते.

हा विक्रम बासष्ट वर्षं टिकला. १० एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावर ऑलिव्हिया चक्रीवादळात ४०८ चा झोत नोंदला गेला, आणि जागतिक हवामान संघटनेने २०१० मध्ये तो मान्य केला. हे सांगताना भाच्याचा गळा दाटला. "पण तिथे माणूस नव्हता, मामा! यंत्राने आपलं आपण टिपलं. माणसाने प्रत्यक्ष हजर राहून मोजलेला वारा म्हणाल, तर तो अजून इथलाच!" एकही तर्क न सोडता हरलेला खटला असा पुन्हा उभा करणारा माणूस मी आजवर फक्त सदाशिव पेठेत पाहिला होता. मला त्याच्याविषयी प्रथमच जवळीक वाटली.

तेवढ्यात मोठा झोत आला. भाचा दोन पावलं मागे सरकला, पण हात खाली आला नाही. "चौऱ्याण्णव!" आणि माझ्या तळहातावरचा शेवटचा शेंगदाणा उठला, माकडटोपीला टिचकी मारून गेला.

उतरताना ब्रेक निवायला तीनदा थांबलो. तिसऱ्या थांब्यावर भाच्याने वही काढली. झोताच्या रकान्यापुढे त्याने नवा रकाना आखला आणि लिहिलं: ६२ – पोहे, खोबरं. ९४ – शेंगदाणा.

मग बराच वेळ पेन चावत बसला. "मामी," त्याने हळूच विचारलं, "पुढच्या वेळी काजू घालता येतील का? ते जड असतात."

"माझा चिवडा खायचा असतो," ही म्हणाली आणि डबा पिशवीत ठेवून तिने चेन लावली.