तेरा महिन्यांच्या देशात आत्या

देव बघायला आत्या जगात कुठेही जाईल. अट एकच, खायला आपलं मिळालं पाहिजे. इथिओपियात ती खात्री कोण देणार? म्हणून तिच्या बॅगेत कपडे कमी आणि राजगिऱ्याचे लाडू, थालीपिठाची भाजणी, बटाट्याचा चिवडा जास्त.

अदिस अबाबात उतरलो, तर अख्ख्या शहराचा उपास! ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींचा ईस्टरआधीचा मोठा उपास ५५ दिवसांचा. शिवाय एरवी बुधवार-शुक्रवार आहेतच. सगळे मिळून साध्या भाविकाचेही वर्षातले १८०च्या वर दिवस उपासात जातात. त्यात मांस नाही, अंडं नाही. दूध, तूप, लोणीही नाही. कडक पाळणारे पहिला घास घेतात तोच दुपारी.

"दूधसुद्धा नाही?" आत्याचा आवाज खाली आला. तिची आषाढी खिचडी-दह्यानं सुरू होऊन बर्फीवर संपते.

"तुमच्या उपासाला काय चालत नाही?" गाईडनं अदबीनं विचारलं.

आत्यानं बराच वेळ विचार केला. "पोळी," ती म्हणाली.

उपासाची थाळी आली. टेफ नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा भलामोठा जाळीदार इंजेरा आणि त्यावर मसूर, कोबी, बीट यांचे ढीग. मधोमध रटरटणारा शिरो, म्हणजे बेरबेरे मसाल्याचं झणझणीत पिठलंच. भाजणीचं पाकीट बॅगेतून बाहेरच आलं नाही.

"उद्या सकाळी दोन वाजता निघू," गाईड म्हणाला. इथलं घड्याळ सूर्योदयापासून चालतं. आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. मी मोबाइलवर आकडेमोड करत बसलो. आत्या मात्र निवांत. "बरोबरच आहे. आपला पंचांगातला वारसुद्धा सूर्य उगवल्यावरच बदलतो. मध्यरात्री दिवस सुरू करणारी माणसं कसली धार्मिक!"

पण वर्षाला महिने १३ आहेत हे ऐकल्यावर ती दचकली. १२ महिने ३० दिवसांचे आणि उरलेल्या ५ दिवसांचा, लीप वर्षात ६ दिवसांचा, पागुमे. "म्हणजे धोंड्याचा महिना दरवर्षी?" तिला दोन जावई आहेत. "पाचच दिवसांचा आहे गं," मी धीर दिला. "अनारसे खायला जावयाला पाच दिवस पुष्कळ झाले!"

लालिबेलाला मात्र तिचा ऊर भरून आला. डोंगराळ गावात कातळात कोरलेली ११ चर्च. राजा लालिबेलानं साधारण बाराव्या-तेराव्या शतकात ती कोरवून घेतली असं परंपरा सांगते. क्रुसाच्या आकाराचं बेते गियोर्गिस तर जमिनीच्या पोटात उभं; आपण काठावर जाऊन खाली बघायचं, तेव्हा छप्पर दिसतं.

"वेरूळचं कैलास असंच, आधी कळस मग पाया," आत्या म्हणाली. "आणि तेही चारशे वर्षं आधी."

"इथे दिवसा माणसं कोरायची आणि रात्री देवदूत," गाईडनं डाव टाकला.

"आमच्या पांडवांनी लेणी एका रात्रीत कोरली. दिवसपाळीच नव्हती."

गाईडनं हात जोडले.

आत पुजारी लांब काठ्यांवर रेलून तासन्‌तास उभे. ढोल घुमत होता आणि प्राचीन गेझ भाषेतली स्तोत्रं चालली होती. गर्भगृहावर पडदा. मागे ताबोत असतो, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र प्रतिकृती. त्या मूळ पाट्यांची पेटी, म्हणजे करारकोश, अक्सुम गावात आहे अशी श्रद्धा; तिथे एकच भिक्षू तो आयुष्यभर राखतो. बाकी कुणालाच दर्शन नाही.

"मंत्र्यांनासुद्धा नाही?" आत्या.

"धर्मगुरूंनासुद्धा नाही."

"व्हीआयपी पास?"

"नाही."

आत्यानं पडद्याकडे बघून मनापासून नमस्कार केला. "आषाढीला आम्हीही गर्दीत कळसालाच हात जोडून परततो," ती गाईडला म्हणाली. "फरक इतकाच, आमच्याकडे आत कोण गेलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट छापून येतं."