बाकी कोण करणार?

सामान्य माणसाचा कॅमेरा आणखी सोपा करावा का, असं पुण्या-मुंबईच्या दुकानात विचारलं तर बोलणं लेन्स आणि मेगापिक्सेलवर जातं. यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न वावरात उभं राहून विचारावा लागतो. इथं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची पिकाची नोंद अवलंबून आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून, पिकाचा फोटो काढून स्वतः करायची. कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे. आधी पेरा तलाठी लिहायचा. एकेका तलाठ्याकडे अनेक गावं. प्रत्येक धुऱ्यावर तो जाणार कसा? मग मागल्या सालचाच पेरा पुढं उतरायचा. वावरात सोयाबीन डोलत असायचं आणि कागदावर पऱ्हाटी उभी असायची. आपलं पीक आपण नोंदवायचं हा हक्क मोठा आहे, आणि तो टिकला पाहिजे म्हणूनच हे लिहितो आहे.

फोटो काढणं आता कुणाला जड जात नाही. पोळ्याला सजवलेल्या बैलांचे झकास फोटो म्हातारी माणसंही काढतात. तोच मोबाइल, तोच कॅमेरा. पण ई-पीक पाहणीचं अॅप उघडलं की तीच माणसं अडतात. कारण फोटोची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याआधी विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडा. खातेदार शोधा. खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम सांगा. पीक निर्भेळ की मिश्र? क्षेत्र किती? पाणी कशाचं, देता कसं, लागवड कोणत्या तारखेची? एवढं सगळं बिनचूक भरलं की मग कॅमेरा उघडतो.

यातला एकच प्रश्न घ्या. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरायचं. आमचा शेतकरी बोलतो एकरात. अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर हे त्याला ठाऊक असतं. पण पऱ्हाटीत तुरीचं तास असेल तर तुरीचे आर किती धरायचे? कापसात तूर, सोयाबीनमध्ये तूर ही इथली रीत आहे. एक पीक गेलं तर दुसऱ्यानं तगवावं, म्हणून बापजाद्यांपासून चालत आलेली. तिचा हिशेब उन्हात उभं राहून छोट्या पडद्यावर मांडायला लावणं हा अन्याय आहे.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हातात आला कसा, हे इथं आठवावं. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा विकायला काढला. त्यात १०० फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. तिथं फोटो धुऊन, नवी फिल्म भरून तो परत यायचा. बटण तुम्ही दाबा, बाकीचं आमच्याकडे, असा त्यांचा करार होता. फोटोग्राफीतली किचकट कामं त्यामुळे नाहीशी झाली नव्हती. ती कारखान्यानं आपल्या अंगावर घेतली होती. आपल्याकडे बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री त्याच वाटेनं कितीतरी घरांत पोचला. ऊन आहे की ढग, असं मोजकंच तो विचारायचा.

सरकारी अॅपनं हा करार उलटा केला. बटण एका बोटाचं, आणि बाकी सगळं शेतकऱ्याच्या डोक्यावर.

चूक झाली तर किंमत कोण मोजतं, तेही पाहा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारनं पुढल्या वर्षी हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत मदत जाहीर केली. यादी ई-पीक पाहणीवरून लागली. पीक घेतलं होतं, पण अॅपमध्ये नोंद नव्हती, असे शेतकरी बाहेर राहिले. ओरड झाल्यावर अट सैल करावी लागली. विम्याचंही तसंच. त्याच २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यात पूर आला, आनंदनगर तांड्यातल्या माणसांसाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर पाठवावं लागलं. पीक विम्याचा नियम तेव्हा सांगत होता, नुकसान ७२ तासांत कळवा. घरात पाणी शिरलेल्या माणसानं आधी धान्य वाचवायचं की मोबाइलची चार्जिंग?

टिपेश्वर अभयारण्याच्या सफारीत मोठी लेन्स घेऊन येणाऱ्या हौशी माणसाचा कॅमेरा अवघड असला तर असू द्या. ती बटणं त्यानं हौसेनं मागून घेतली आहेत, आणि नेम चुकला तर एक वाघ हुकतो. टिपेश्वरजवळच्याच पांढरकवड्याच्या शेतकऱ्याचा फोटो हुकला तर हंगामाची नोंद हुकते. ज्या कॅमेऱ्याची चूक माणसाच्या पोटावर येते, तो सगळ्यात सोपा असायला हवा.

यावर उत्तर येतं: सोपं केलं तर बोगस नोंदी होतील. बोगस नोंदी रोखायलाच हव्यात. त्यासाठी जागा आणि वेळ पक्की हवी, आणि ती मोबाइल आपणहून टिपतो. फोटो काढणारा गटापासून दूर उभा असेल तर अॅप त्याला अडवतं. म्हणजे गट कुठं आहे ते अॅपला कळतं. मग शेतकरी वावराच्या मधोमध उभा असताना त्याला गट क्रमांक विचारता कशाला? खातेदार, खातं, गटाचं क्षेत्र हे सगळं सरकारच्याच दप्तरात आहे. जे दप्तराला ठाऊक आहे ते दप्तरानं भरावं. शेतकऱ्यानं फक्त बरोबर की चूक ते सांगावं.

अवघडपणाची खरी किंमत पुढंच आहे. ज्यांना अॅप जमत नाही त्यांच्या नोंदी आता गावोगावचे सहायक करतात. ही मुलं मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शेतकऱ्याला दिलेली लेखणी पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेली. अॅप जितकं किचकट, तितका हा हक्क कागदापुरता उरणार.

म्हणून मागणी सरळ आहे. अॅप उघडताच आधी कॅमेरा उघडावा. फोटो, जागा, तारीख, वेळ तिथल्या तिथं जपली जावी; रेंज नसेल तर नोंद आपोआप थांबून राहावी आणि रेंज आली की आपोआप जावी. प्रश्न नंतर विचारावेत, तेही बोलून. वऱ्हाडीत विचारावेत, झरी जामणी-मारेगावच्या कोलाम शेतकऱ्याला कोलामीत, पुसद-दिग्रसच्या तांड्यावर गोरमाटीत. पिकाचं क्षेत्र एकरात घ्यावं, हेक्टर यंत्रानं काढावेत. मिश्र पिकात तासं किती आणि कशाची एवढं विचारावं, आरांचं गणित यंत्रानं करावं. आणि नोंद झाल्याची पोच शेतकऱ्याच्या मोबाइलमध्येच राहावी, म्हणजे उद्या वाद झाला तर पुरावा त्याच्या खिशात असेल.

अॅपची नवी आवृत्ती काढण्याआधी ते बनवणाऱ्यांनी एकदा झरी जामणीत यावं. एका शेतकऱ्याच्या हाती मोबाइल द्यावा आणि एक शब्दही न बोलता बाजूला उभं राहावं. त्याला एकट्याला नोंद करता आली तरच ते अॅप राज्याला द्यावं. नाही जमलं तर अॅप नापास, आणि त्या हंगामात अॅपमध्ये नोंद नाही म्हणून एकाही शेतकऱ्याची मदत अडवू नये.