डिटेक्टरवाले अप्पा

पावसाळ्यात लोक लोणावळ्याला भिजायला आणि चिक्की न्यायला येतात. डिटेक्टरवाले अप्पा मात्र आपल्या मेटल डिटेक्टरची परीक्षा घ्यायला मावळात उतरतात. कुठल्यातरी कंपनीच्या मेन्टेनन्समधून निवृत्त, डोक्याला माकडटोपी, टोपीवर हेडफोन, खांद्याला बारा व्होल्टची बॅटरी, हातात पीव्हीसी पाइपचा दांडा. दांड्याच्या टोकाला पंचवीस सेंटिमीटरची कॉइल. तार, मॉस्फेट, आयसी हा माल पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतला. कॉइल बसवलेलं झाकण मात्र काकूंच्या पापडांच्या डब्याचं. दर उन्हाळ्यात पापड झाले की त्या झाकणाचा विषय निघतोच.

‘आपल्याला खजिन्याचा मोह नाही,’ हे अप्पा कुणी न विचारता सांगतात. तरी नाना फडणवीसांनी आपलं धन लोहगडावर ठेवलं होतं, हे त्यांना तोंडपाठ. १७७९ च्या जानेवारीत माघार घेताना इंग्रजांनी तळेगावच्या तळ्यात तोफा ढकलल्या, हेही. ‘पण लोहगड संरक्षित आहे. १९५८ चा कायदा! कुदळ लावलीत की आत.’

म्हणून चाचणी ओळखीच्या माणसाच्या पडीक रानात, स्वतःच पुरलेल्या दहा रुपयांच्या नाण्यावर. दहाच का? तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त ऐवज सापडला तर कलेक्टरांना कळवावं लागतं. ‘आपण बरोबर दहावर थांबतो!’

नाण्याच्या जागी खुणेची काडी रोवलेली असते. अप्पा खटका दाबतात आणि यंत्र बांधापासूनच किंचाळायला लागतं. काडीच्या अलीकडे किंचाळतं, पलीकडे किंचाळतं. काडीपाशी मात्र जरा दम खातं. मग अप्पा कॉइल वर-खाली, वर-खाली करत नॉब पिळतात. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा जमिनीला ओवाळतोय.

अपयशाला अप्पांकडे शास्त्र आहे, आणि पंचाईत अशी की ते खरं आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकी खनिज मिसळलेलं. पटत नसेल तर अप्पा तुम्हाला ओढ्यावर नेतात. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवतात आणि बाहेर काढून नाकासमोर धरतात. पिशवीला काळे कण ताठ उभे चिकटलेले. ‘आता सांगा, यंत्राची काय चूक?’

चूक नसतेच. कॉइलमध्ये पल्स सोडायची, तोडायची, दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबायचं आणि ऐकायचं. धातूत उठलेला प्रवाह विरायला वेळ लागतो, त्यावरून धातू ओळखायचा. पण इथल्या मातीतले काही अतिसूक्ष्म कणही चुंबकत्व सोडायला वेळ लावतात, आणि यंत्र दोघांनाही सारखंच ओरडतं. १८८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला ग्रॅहम बेलनं धातू शोधणारं यंत्र नेलं होतं. तिथं गादीखालच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असं म्हणतात. ‘बेलला एक पलंग नडला. मला अख्खा सह्याद्री नडतोय.’

गावकऱ्यांना बेलशी देणंघेणं नाही. त्यांच्या हिशोबी दांडा घेऊन रानात फिरणारा तो पाणाड्या. ‘पाव्हणं, किती फुटावं लागंल?’ यंत्राची धाव जेमतेम फूटभर, तरी अप्पा गंभीर होतात. ‘मी पाणी बघत नाही हो.’ ‘बरं, मग बोअर मारायची कुठं तेवढं सांगा.’

एकदा मात्र खरं काम आलं. आवणी करताना एका आजीबाईंचं चांदीचं जोडवं चिखलात गेलं. अप्पा पँट दुमडून खाचरात उतरले. यंत्रानं या बांधापासून त्या बांधापर्यंत एकच सूर धरला. अप्पांनी नॉब पिळले, बॅटरी बदलली, दगडाला नावं ठेवली. तेवढ्यात आजीबाई वाकल्या, चिखलात चाचपलं आणि जोडवं काढून पदराला पुसलं.

अप्पांनी हेडफोन उतरवला आणि वहीत नोंद केली : ‘चांदी, खाचर, चिखल ओला. चाचणी यशस्वी.’

आजीबाईंनी विचारलं, ‘पर घावलं तं मला ना?’

‘तुम्हालाच. पण ह्याच खाचरात आहे, हे कुणी सांगितलं?’

‘म्याच,’ आजीबाई म्हणाल्या, ‘सकाळी.’

अप्पांनी वहीत ‘यशस्वी’च्या आधी ‘अंशतः’ घातलं.